साडेचार वॅटचा पाळणा

लॅपटॉपला वायर जोडून दहा मिनिटं झाली, तरी हार्डडिस्कमधून हूं की चूं निघालं नव्हतं. मुकुंदवाडीतल्या दांडग्यांच्या घरात सगळे टेबलाभोवती उभे राहून हिरवं लेबल लावलेल्या त्या अर्ध्या विटेएवढ्या वस्तूकडे बघत होते.

"बाबा, गेली वाटतं ही," ऋतुराज म्हणाला.

"हळू बोल," बद्रीनाथराव म्हणाले. "झोपली आसंल. काम नसलं की झोपायचं, हा तिचा गुणच हाय."

मग सगळे हळू बोलू लागले. सून मोनिकाने सव्वा महिन्याच्या मुलीला थोपटणंही थांबवलं. करुणाबाई, म्हणजे बद्रीनाथरावांच्या पत्नी, गेली दोन वर्षं हळूच बोलत होत्या, त्यामुळे त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही.

बद्रीनाथराव वीज कंपनीच्या बिलिंग विभागातून निवृत्त झालेले. तेहेतीस वर्षं लोकांचे युनिट मोजता मोजता स्वतःच्या घरातला एकेक युनिट जाताना त्यांच्या जिवावर येऊ लागलं होतं. चौदा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर घ्यायची लाट आली, तेव्हा ऑफिसातल्या बाकीच्यांनी दुकानात जाऊन विचारलं, वेगवान डिस्क कोणती? बद्रीनाथराव पैठण गेटजवळच्या शौकतच्या दुकानात तीन संध्याकाळी जाऊन बसले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खाते किती?"

शौकतने वैतागून ही हिरव्या लेबलची डिस्क पुढे ठेवली. जागा एक टेराबाइट. बाकीच्या मिनिटाला बहात्तरशे फेरे मारून आठेक वॅट घेत. ही चोपन्नशे फेऱ्यांवर समाधानी आणि साडेचार वॅटमध्ये भागवणारी. आठ सेकंद कुणी काम सांगितलं नाही की आतला वाचणारा काटा बाजूला नेऊन ठेवायची. आणखी वेळ गेला की फिरणंच थांबवायची, आणि झोपेत एक वॅटसुद्धा घ्यायची नाही. तापणं नाही, आवाज नाही. बद्रीनाथरावांना ती बघताक्षणी आवडली. करुणाला बघायला गेलो तेव्हाही एवढी चौकशी केली नव्हती, हे त्यांनी त्याच दुकानात कबूल केलं होतं.

"बहात्तरशे फेरे मारून जायचंय कुठं?" असं ते पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत. त्यांच्या मुलीला, तनुजाला, बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी चहाबरोबर वॅटमधला फरक नीट समजावून दिला होता. पाहुण्यांनी तरीही मुलगी पसंत केली.

त्या डिस्कवर करुणाबाईंचा पाळणा होता. करुणाबाईंचा आवाज म्हणजे गल्लीची मालमत्ता. कुणाच्याही घरी बारसं असो, बाळाची आई एक वेळ उशिरा आली तरी चालेल, पण करुणाबाई वेळेवर हव्यात. बारा वर्षांपूर्वी तनुजाच्या मुलाच्या बारशात त्या पाळणा म्हणत असताना बद्रीनाथरावांनी स्वतः तो कॅमेऱ्यात घेतला, डिस्कवर ठेवला आणि वर नाव टाकलं, 'करुणा पाळणा'. पुन्हा उघडून मात्र कधी पाहिला नाही. वस्तू जागेवर आहे हे माहीत असताना उगाच कॉम्प्युटर कशाला जाळायचा?

दोन वर्षांपूर्वी करुणाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. मागे उरली ती कुजबुज. जीव वाचला यातच सगळं आलं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. करुणाबाईंनी कधी तक्रार केली नाही. फक्त गल्लीत बारसं निघालं की नेमकं त्याच दिवशी त्यांचं डोकं दुखायचं.

आता बारसं घरातच आलं होतं. मोनिकाच्या माहेरी बांधकाम निघालेलं, म्हणून रविवारी ते सासरीच करायचं ठरलं. बद्रीनाथरावांनी ताबडतोब जाहीर करून टाकलं की पाळणा करुणाच म्हणणार, तिच्या स्वतःच्या जुन्या आवाजात. गल्लीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, पुण्याला तनुजाला फोन करून सांगितलं. दुपारी करुणाबाई जवळ आल्या आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "खरंच सापडंल का हो?" दोन वर्षांत त्यांनी स्वतःसाठी विचारलेली ही पहिली गोष्ट होती. म्हणून गुरुवारी ती डिस्क टेबलावर मुकाट पडून राहिली, तेव्हा बद्रीनाथरावांनी वायर तीनदा काढून पुन्हा लावून पाहिली.

जुना कॉम्प्युटर भंगारात गेल्यापासून डिस्क कपाटात साड्यांखाली होती. ती लॅपटॉपला जोडायची वायर ऋतुराजने बिडकीनच्या कारखान्यातून परत येताना विकत आणली होती. खोक्यात वायरीबरोबर एक जाडजूड अडॅप्टरही निघाला.

"बाबा, हा बी भिंतीतल्या पिनला लावा म्हणून लिव्हलंय," ऋतुराज म्हणाला.

"ते दुसऱ्या डिस्कांना. ज्या भसाभसा खातात त्यांना. हिला लॅपटॉपातली वीज पुरून उरंल."

"पण बाबा, एकदा लावून बघू की."

"तेहेतीस वर्षं वीज कंपनीत काय मी गोट्या खेळलो? ठिव त्यो खोक्यात."

ऋतुराज दिवसभर कारखान्यात यंत्रांशी भांडून आलेला असतो; घरी येऊन वडिलांशी भांडायला त्याच्यात जोर उरत नाही. अडॅप्टर खोक्यात गेला आणि खोकं माळ्यावर गेलं.

शुक्रवारी सिल्लोडहून सांडू आला. सांडू हा करुणाबाईंचा धाकटा भाऊ. त्याचा व्यापार कापूस-मक्याचा, पण जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्याच्याकडे इलाज तयार असे. त्याने डिस्क कानाशी नेऊन हलवली, तिचा वास घेतला आणि निदान सांगितलं.

"दाजी, हिनं ओल धरलीय. कपाटात व्हती ना? माझा मोबाईल हिरीत पडला व्हता. दोन दिवस मक्यात पुरून ठिवला. आज बी चालतो."

"चालतो?"

"टॉर्च चालती."

बुडत्याला एवढा आधार पुरला. घरात मका नव्हता, पण ज्वारीचा मोठा डबा होता. दाणा कोरडा असला म्हणजे झालं, असं सांडूने सांगितलं. त्याच्याच हातरुमालात डिस्क गुंडाळून दोघांनी ती डब्याच्या मध्यभागी खोल पुरली, वरून ज्वारी सारखी केली आणि झाकण लावलं. करुणाबाई तेव्हा न्हाणीत बाळाला न्हाऊ घालत होत्या. त्यांना सांगायचं राहून गेलं. दाजींना वाटलं सांडू सांगेल आणि सांडूला वाटलं दाजी सांगतील.

शनिवारी सकाळी बद्रीनाथराव डिस्कची तब्येत बघायला स्वयंपाकघरात गेले, तर डब्याची जागा रिकामी. कुकर शिट्ट्या मारत होता, त्यात करुणाबाईंची कुजबुज ऐकू येणं शक्य नव्हतं.

"करुणा, जवारीचा डबा कुठाय?"

करुणाबाईंनी हवेत हात गोल गोल फिरवला.

"व्हय, फिरती ती," बद्रीनाथराव म्हणाले. "चोपन्नशे फेरे. पण डबा कुठाय?"

करुणाबाईंनी पुन्हा हात फिरवला, मग वरून काही ओतल्यासारखं केलं, मग चिमटीत काहीतरी चोळून दाखवलं. बद्रीनाथराव चिमटीकडे बघत राहिले. शेवटी करुणाबाईंनी गॅस बंद केला, त्यांचा कान धरून जवळ ओढला आणि म्हणाल्या, "गिरणीत. उद्या चाळीस माणसं जेवणार हायत. भाकरी कायच्या करू?"

बद्रीनाथराव सदऱ्याची बटणं न लावता निघाले. गल्लीच्या तोंडाशी ताहेराबींची पिठाची गिरणी होती. ते धापा टाकत पोचले, तेव्हा पट्टा थांबलेला होता आणि ताहेराबी स्टुलावर उभ्या राहून गिरणीच्या वरच्या तोंडात हात घालत होत्या.

"या काका. तुमच्याच जवारीतून निघालं ह्ये," त्या म्हणाल्या. "खिळे निघतात, नट निघतात, एक डाव पळी निघाली व्हती. ह्ये असलं पयल्यांदाच बघायली मी."

दाण्यात आलेलं लोखंड जात्यात जाऊ नये म्हणून गिरणीच्या तोंडाशी मोठं लोहचुंबक बसवलेलं असतं. त्या चुंबकाला सांडूच्या हातरुमालासकट डिस्क लटकलेली होती. ताहेराबींनी ती हिसका देऊन ओढून काढली. बद्रीनाथरावांना डिस्क दिसली, चुंबकही दिसलं. हार्डडिस्क चुंबकापासून लांब ठेवायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते कुणाच्यातरी गव्हाच्या डब्यावर मटकन बसले.

"गेलं सगळं," ते म्हणाले. "पुसलं आसंल आतलं."

"काय व्हतं आतमधी?"

"करुणाचा आवाज."

ताहेराबी स्टुलावरून खाली उतरल्या. "भाभीचा? माझ्या सुमय्याच्या टायमाला भाभीनंच तर गायला व्हता पाळणा. आमच्यात नसतो तसला पाळणा, तरी मीच बोलीवलं व्हतं." त्यांनी पदराने डिस्कवरचं पीठ पुसलं आणि ती त्यांच्या हातात दिली. "असे बसू नका काका. शौकतभाईकडं न्या. जवारीचं मी बघते."

सांडूच्या मोटरसायकलवर दोघं पैठण गेटला गेले. शौकतची दाढी आता पांढरी झाली होती आणि दुकानात कॉम्प्युटरपेक्षा मोबाईलची कव्हरं जास्त होती. त्याने बद्रीनाथरावांना पाहिलं आणि खुर्चीतून उठला.

"साडेचार वॅट," तो म्हणाला. "या काका, बसा. किती बरसांनी."

डिस्क उलटसुलट करत त्याने रंगाच्या ब्रशने तिच्या खाचा साफ केल्या. "ह्ये पीठ कायचं?"

"जवारीचं," सांडूने सांगितलं.

शौकतने पुढे काही विचारलं नाही. बद्रीनाथरावांनी मात्र सगळं एका दमात सांगून टाकलं आणि विचारलं, "चुंबकानं पुसलं ना रे सगळं?"

"नाय हो काका. हिच्या पोटात त्याच्याहून तगडे चुंबक हायत, म्हणून तर चिकटली. गिरणीच्या चुंबकानं हिला काय बी होत नाय. पैले ह्ये सांगा, घरी लावली तवा अडॅप्टर कोणता व्हता?"

बद्रीनाथराव मोबाईलची कव्हरं बघू लागले.

"अडॅप्टर लागत नाय म्हणले दाजी," सांडू म्हणाला. "लई कमी खाती म्हणून."

शौकतने ब्रश खाली ठेवला. समोरचा माणूस वयाने मोठा, जुना, आणि वीज कंपनीतून निवृत्त झालेला. "काका," तो अदबीने म्हणाला, "कमी खाणारीला उपाशी नाय ठेवायचं. चालताना साडेचार वॅट घेती, मान्य. पण जागची उठताना हिला बारा व्होल्टचा जोर लागतो. लॅपटॉपच्या वायरीत पाचच व्होल्ट येतात. छोट्या डिस्कला तेवढे चालतात. ही टेबलावरच्या कॉम्प्युटरची डिस्क हाय."

"लाव मग," बद्रीनाथराव म्हणाले. शौकतने अडॅप्टर लावला. आत काहीतरी सुस्कारल्यासारखं झालं, आणि मग जेमतेम ऐकू येईल अशी सारखी घरघर सुरू झाली. बद्रीनाथरावांनी चष्मा काढून पुसला.

पडद्यावर एकेक जुनं घर, जुनी माणसं येऊ लागली. मकबऱ्यासमोर उन्हात डोळे बारीक करून उभं राहिलेलं सगळं कुटुंब. स्कूटर शिकताना रडणारी तनुजा. मग याच दुकानाचा एक फोटो आला, कॉम्प्युटर घेतला त्या दिवशीचा. गल्ल्यावर टोपी घालून एक म्हातारा बसलेला.

"अब्बा," शौकत म्हणाला. त्याच्या वडिलांना, अफजलचाचांना, जाऊन नऊ वर्षं झाली होती. "ह्यो फोटो माझ्याकडं नाय, काका." तो बराच वेळ बघत राहिला. एवढ्यात आठ सेकंद उलटली असावीत; आत टक् असा बारीक आवाज होऊन डिस्कने काटा बाजूला ठेवला. शौकतने तो फोटो स्वतःकडे उतरवून घेतला आणि सांडूला चहा सांगायला पाठवलं. मग त्याने 'करुणा पाळणा' उघडलं.

पडद्यावर टेबलाचा एक पाय दिसला. शेजारून कुणाच्यातरी साडीचे काठ गेले, आणि करुणाबाईंचा आवाज आला. खणखणीत, भरलेला, बायकांना पानसुपारी घ्या म्हणून सांगणारा. बद्रीनाथराव हसले आणि पाळण्याची वाट बघू लागले. शौकतने व्हिडिओ पुढे नेला, टेबलाचा पाय. आणखी पुढे नेला, तोच पाय. चाळीस मिनिटं टेबलाचा पाय होता, आणि पाळणा कुठेच नव्हता.

काय झालं असेल ते बद्रीनाथरावांच्या हळूहळू ध्यानात आलं. बॅटरी वाचावी म्हणून त्यांनी त्या दिवशी कॅमेऱ्याचा छोटा पडदा मिटून ठेवला होता. पाळणा सुरू झाला तेव्हा दाबलेलं बटण नीट बसलंच नव्हतं. पाळणा संपल्यावर बंद करायला म्हणून त्यांनी ते पुन्हा दाबलं, तेव्हा कॅमेरा चालू झाला, आणि तो त्यांनी टेबलाखालच्या पिशवीवर ठेवून दिला. बारा वर्षं त्यांनी जपून ठेवला होता तो टेबलाचा पाय.

"सांडूला सांगू नको," ते म्हणाले. शौकतने मान हलवली आणि डिस्क कागदात बांधून दिली.

घरी आल्यावर ते म्हणाले, "चालू झाली, पण..." करुणाबाईंनी तोवर त्यांचे दोन्ही हात धरले होते. तापातून उठलेल्या लेकराला लावावा तसा त्यांनी डिस्कला हात लावला आणि ती नेऊन देवघराशेजारी ठेवली. पुढचं वाक्य बद्रीनाथरावांच्या तोंडून निघालं नाही. सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी तनुजा आली, मग पाहुणे आले, मग मंडप आला.

बारशाच्या वेळी बद्रीनाथराव स्वयंपाकघरात जाऊन चहाच्या पातेल्यामागे उभे राहिले. बाहेर गल्लीतल्या सगळ्या बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. ताहेराबी गिरणी बंद ठेवून आल्या होत्या. ऋतुराजने कुणाला न विचारता माळ्यावरचा अडॅप्टर काढला, भिंतीतल्या पिनला लावला आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. डिस्क जागी व्हायला वेळ लागतो म्हणून सगळे गप्प झाले. आता सगळ्यांपुढे टेबलाचा पाय येणार, करुणा बघणार, आणि आपल्या हातून तिचा आवाज परत एकदा हरवल्यासारखं होणार, हे कळून बद्रीनाथरावांना पातेल्यात तोंड लपवावंसं वाटलं.

"अहो," बाहेरून मोठ्याने हाक आली.

"आलो, आलो," बद्रीनाथराव म्हणाले आणि गाळणी हातात घेऊन तसेच बाहेर आले.

सगळ्या बायका वळून त्यांच्याकडे बघू लागल्या. टीव्हीवर टेबलाचा पाय होता. त्यामागून त्यांचाच बारा वर्षांपूर्वीचा आवाज आला, "आलो, आलो."

"कायचे आलो?" करुणाबाईंचा आवाज घरभर घुमला. "मघापासून नुसतं आलो आलो चाललंय. मानसाचं अंग हललं पायजे का नाय? गुळाचा डबा तिथं वर ठिवलाय, माझा हात पुरतोय का?" थोडा वेळ भांड्यांचा आवाज आला. "अहो, ऐकायलात का?"

"आलो," टीव्हीतले बद्रीनाथराव म्हणाले, आणि ते आलेले नाहीत हे आवाजावरूनच कळत होतं.

पहिल्यांदा ताहेराबींना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. तनुजा हसता हसता डोळे पुसू लागली. बद्रीनाथराव गाळणी हातात धरून करुणाबाईंपुढे उभे राहिले.

"करुणा, पाळणा नाय ह्याच्यात," ते म्हणाले. "माझ्याच हातनं घोळ झाला. कालच कळलं, तुला सांगायचा धीर झाला नाय."

करुणाबाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. एक हात गळ्यावर ठेवून त्या टीव्हीकडे टक लावून बघत होत्या. पाळणा त्यांना पाठ होता. तो मनातल्या मनात केव्हाही ऐकता येत होता. पण स्वयंपाकघरातून नवऱ्याला फैलावर घेणारा, भांड्यांच्या वर चढणारा हा आपला आवाज कसा होता, ते मात्र त्या विसरून गेल्या होत्या. बघता बघता त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग तनुजाने पाळण्याला हात लावला आणि आईने शिकवलेला पाळणा सुरू केला. बाकीच्यांनीही तो करुणाबाईंकडूनच उचललेला. सगळ्या आपापल्या पट्टीत म्हणू लागल्या. करुणाबाई पाळण्याची दोरी ओढून ठेका देत होत्या आणि कुणी शब्द चुकली की मान हलवत होत्या. आत्याने बाळाच्या कानात श्रेया हे नाव सांगितलं. टीव्हीवर टेबलाच्या पायामागून हाका चालूच होत्या. पोरांनी मोजल्या, त्या चाळीस मिनिटांत अकरा झाल्या, आणि अकराही वेळा आलो असं उत्तर आलं.

बद्रीनाथराव अजून गाळणी धरून तिथेच उभे होते. करुणाबाईंनी त्यांच्या बाहीला धरून त्यांना खाली ओढलं. काय बोलतात ते ऐकायला शेजारच्या चार बायकांनीही माना पुढे केल्या.

"आलात का?" त्या कुजबुजल्या. "बारा वर्षं लागली, पण आलात."